आवडाबाईने जाळलेलं गाव

आवडाबाईला उष्टं वाचता यायचं. पंगत उठली की बाकीच्या बायका पत्रावळी गोळा करायला वाकायच्या, आणि ही कमरेवर हात ठेवून आधी एक फेरी मारायची. "हितं सोयरे बसलेले. भात अर्धा टाकलाय, मिजाशीत. आनि हितं आपलेच, पानात मिठाचा खडा पन ऱ्हायला नाय." एकदा माझ्याच पानाकडे बघून म्हणाली, "गुर्जी, डाव्या अंगाची दाढ दुखते तुमची. आंब्याच्या बाठ्याला उजवीकडनंच दात लागलेत." दाढ खरंच दुखत होती. मला राग आला होता तो दाढेचा नव्हे. चारचौघांत आपलं उष्टं वाचलं गेलं, त्याचा.

पूर्णगडच्या खाडीने थोडं आत गेलं की डाव्या हाताला आमची वाडी. मी तिथल्या शाळेत बावीस वर्षं मास्तर होतो. वाडीतले पुरुष होड्यांवर, नाहीतर मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरवर. बायका ओहोटीला खाडीत. गुडघाभर चिखलात वाकून मुळे काढायचे, खडकावरची कालवं छोट्या कोयतीने उचकटायची, आणि भरती चढायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन वर यायचं. मुळे म्हणजे दोन शिंपल्यांत मिटलेलं बोटभर मास. कालवं तीच जात, पण खडकाला चिकटलेली आणि हट्टी. आवडाबाईने ही कामं आठव्या वर्षापासून केली आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. कुरकुर ती फक्त माणसांबद्दल करायची.

वाडीच्या मागे शिंपल्यांची एक रास होती. ती कुणी घातली, कधी घातली, कुणाला ठाऊक नव्हतं. पांडव एका रात्रीत जेवून गेले, असं म्हातारे सांगायचे. पांडव मुळे खात होते काय, असं मी नवा असताना विचारलं, तर चार दिवस देवळात कुणी माझ्याशी बोललं नाही. रास आमच्या शाळेच्या पागोळीएवढी, म्हणजे छपराच्या कडेएवढी उंच होती. आवडाबाईच्या नवऱ्याने, खंडूने, तिच्या शेजारीच चुन्याची भट्टी घातली. शिंपल्यांचा थर, कोळशाचा थर, परत शिंपल्यांचा, असं रचून पेटवायचं. निवल्यावर पाणी मारलं की भाजलेले शिंपले फुसफुसत फुलायचे आणि त्यांचा पांढराशुभ्र चुना व्हायचा. खंडू फावड्याने रास तोडायचा, आवडाबाई निवडायची. दगड, हाडं, खापरं भट्टीत गेली तर चुना खराब होतो, म्हणून ती बाजूला फेकायची. पावसाळा सोडून आठवड्याला एक भट्टी, अशी अकरा वर्षं. खंडूचा चुना म्हणजे खंडूचा चुना. देवळाचं शिखर त्याचं, विहिरीचा कठडा त्याचा. आणि माझ्या शाळेच्या भिंतींचा गिलावाही त्याचाच. अडुसष्ट साली मी स्वतः अर्ज लिहून तो मागितला होता.

पुढे सिमेंट आलं आणि खंडू गेला. भट्टी थंड झाली तेव्हा राशीच्या तळाचा छातीएवढा उंच एक पट्टा कुंपणाकडेला उरला होता. त्यावर घाणेरी माजली आणि आम्ही सगळे ती विसरलो.

शहाऐंशीच्या जानेवारीत पुण्याहून दमयंती नावाची बाई आली. तिशीची असेल. सोबत दोन विद्यार्थी, चाळण्या, दोऱ्या, पत्र्याची एक ट्रंक आणि सरकारी परवानगीचा कागद. जुनी माणसं कशी जगली याचा शोध घेणं हे तिचं काम. तिने देवळात वाडी जमवली आणि समजावून सांगितलं की ही रास माणसांनी घातलेली आहे, शेती येण्याच्याही आधीच्या माणसांनी बहुतेक, आणि असं ठिकाण फार क्वचित सापडतं. मग तिने साधा प्रश्न विचारला. "हिची एक बाजू सरळ कापल्यासारखी दिसते. बाकीची रास कुठे गेली?"

सरकारी कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे दंड नाहीतर जप्ती, एवढंच आमचं कायद्याचं ज्ञान. शेवटी वाडीचा गावकर, म्हणजे मुख्य, भिकाजी खाकरून म्हणाला, "खाडीनं खाल्ली. मोठ्या पुरात." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मुलांना खोटं बोलू नये म्हणून छडी मारणारा मी, पण माझ्या डोळ्यांपुढे तो अर्ज आला.

आवडाबाईने मान हलवली नाही, पण ती बोललीही नाही. तिचा मुलगा मोरू मिरकरवाड्याहून चार दिवस घरी आला होता. त्याने वाटेतच तिला गाठलं. "आये, तोंड उघडू नको. बापाचं नाव पोलिसात जाईल. मेलेल्या मानसाला कशाला वडतेस?" ती म्हणाली, "मी काय बोललंय काय?" आणि दुसऱ्या दिवशी खोदकामावर चाळणीच्या कामाला गेली. कामाला जायची गरज नव्हती. तिला बघायचं होतं.

दमयंतीबाईंनी पट्ट्यात खड्डा घेतला आणि त्याची एक बाजू दोरी लावून सरळ तासली. त्या तासलेल्या बाजूवर शिंपल्यांचे पांढरे थर आणि मधून मधून काळसर मातीच्या बारीक रेघा अशा दिसत होत्या, की मी शाळा सुटल्यावर रोज तिथेच जाऊन बसू लागलो. आदिमानवाचा धडा मी वीस वर्षं शिकवला होता. गुहा, गारगोटी, वल्कलं. तो माणूस आमच्या वाडीच्या मागे बसून मुळे उकडत होता, हे पुस्तकात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका चुलीच्या राखेजवळ वीसेक मुळे सापडले, मिटलेलेच, न उघडलेले. विद्यार्थी आनंदाने उड्या मारायच्या बेतात. बाईही हरखल्या. "खाल्ले नाहीत, तसेच ठेवले. हा नैवेद्य असणार."

आवडाबाईने चाळणी खाली ठेवली. "नैवेद्य कसला, बाय? मेलेले मुळे ते. उकडल्यावर जे उघडत नायत ते मेलेले. खाल्ले तर पोट जातंय. आमी पन टाकतो."

बाईंनी ते मुळे हातात घेऊन पाहिले. मग त्यांनी वहीत लिहिलेलं खोडलं. मला ही बाई त्या क्षणी आवडली. पुण्याची विद्वान माणसं लिहिलेलं खोडताना मी फारशी पाहिली नव्हती.

त्यानंतर बाई तिला 'मावशी' म्हणू लागल्या आणि प्रत्येक गोष्ट तिला विचारू लागल्या. काळ्या रेघांबद्दल बाईंचा अंदाज असा होता की माणसं काही वर्षं इथून निघून जात असावीत, तेव्हा वरच्या डोंगराची माती वाहून येऊन साचली. आवडाबाई हसली. "जातील कुठं? हा पाऊस हाय. पावसात खाडीचं पानी गोडं होतंय, मुळे मिळमिळीत लागतात, कोन काढनार? त्या दिसांत सुकवलेलं खायचं. माती तेवढी येऊन बसते. एक रेघ म्हंजे एक पाऊस." बाईंनी रेघा मोजल्या. चाळीस भरल्या.

मग आकार. बाईंनी शेकडो शिंपले मोजपट्टीने मोजले होते. सगळे मोठे. खाडीत तेव्हा भरपूर असतील, म्हणून मोठेच वाढत असतील, असं त्यांचं म्हणणं.

"भरपूर आसले म्हनून बारके नसतात काय?" आवडाबाई म्हणाली. "मोठे आसले की त्यांची पोरं पन असनार. ती हाताला येतातच. त्यांनी ती परत टाकली. कुनीतरी घेऊ देत नसनार." आमच्या वाडीत तसा नियम होताच. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान मुळा टोपलीत सापडला तर त्या बाईने देवळात नारळ द्यायचा. हा नियम म्हाताऱ्या बायका चालवायच्या. भिकाजी गावकराला त्यात कुणी विचारत नसे.

"म्हणजे त्यांच्यात कुणीतरी मुख्य होता," बाई म्हणाल्या.

"होता नाय, होती."

मी न राहवून विचारलं, "कशावरून बाईच?"

"गुर्जी, पुरुषानं कधी वाकून मुळे काढलेत काय? ज्येला काढायला नको, तो नियम कशाला करील?"

हा पुरावा नाही, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, नाही, पण प्रश्न चांगला आहे. आणि तोही त्यांनी वहीत उतरवला. मी जरा फुगलो होतो, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका दुपारी कालवांचे मोठे शिंपले लागले. एका विद्यार्थ्याने ते पिशवीत भरायला सुरुवात केली, कारण त्याच्या लेखी तो कचराच होता. आवडाबाईने त्याचा हात धरला. "थांब जरा. ही सगळी उपडी कशी?" खरंच, मधल्या एका गुळगुळीत दगडाभोवती तळहाताएवढे शिंपले कड्यासारखे बसले होते, आणि एकूण एक उपडे. ती म्हणाली, "टाकलेली कालवं कशी पन पडतात. ही हातानं मांडल्यात. टाकलेलं नि मांडलेलं येगळं दिसतं." बाईंनी विचारलं, "कशासाठी मांडली असतील, मावशी?"

"ते मला काय इचारतेस? मी होतंय काय तितं?" असं म्हणून ती पाणी प्यायला गेली. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तिला त्या कड्यापाशी उकिडवी बसलेली पाहिली. हात न लावता बघत होती. मला म्हणाली, "देव आसंल. नायतर कोन गेलं आसंल घरातलं. दगड किती वेळ हातात फिरवलाय बगा, कसा झालाय." त्या दिवसापासून ती त्या माणसांबद्दल बोलताना पांडव म्हणेनाशी झाली. 'हितली मानसं' म्हणायची. जशी वरच्या आळीतली, खालच्या आळीतली, तशी हितली.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा वाडी जमवली. काय सापडलं ते सांगून जाणं त्यांना योग्य वाटलं. खड्ड्याच्या कडेला आम्ही सगळे उभे. बाईंनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्यात आवडाबाईचं नाव चारदा आलं, तेव्हा मोरूही जरा ताठ उभा राहिला. तो त्या दिवसासाठी मुद्दाम आला होता. मग बाई म्हणाल्या, "उरलेल्या थरांत चाळीस पावसाळे दिसतात. पुरात थोडाफार भाग गेला असेल. म्हणजे एखादी पिढी ही माणसं इथे राहिली आणि निघून गेली. तात्पुरती वस्ती होती. मी तसंच लिहिणार आहे."

आवडाबाई म्हणाली, "उपरी व्हती म्हनतेस?"

"तसं नाही मावशी. फिरती माणसं असावीत."

मोरूने आईचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. घाबरलेली होती ती, चांगलीच घाबरलेली, आणि तितकीच चिडलेली.

"खाडीनं नाय खाल्ली," ती म्हणाली. "आमी जाळली. अकरा वर्सं मी जाळत व्हते, तरी सरली नाय. दोन मानसं अकरा वर्सं जाळतात नि संपत नाय, तेवढं ते जेवले हितं. चाळीस पावसात एवढं जेवतं काय कोन? आनि तू त्यांना उपरी लिवनार."

भिकाजी गावकर खाली बघू लागला. मला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. बाईंचा चेहरा न समजल्यासारखा कोरा होता. "जाळली म्हणजे?" तेव्हा मी पुढे झालो आणि भट्टीचं, चुन्याचं सगळं सांगितलं. माझ्या अर्जासकट. उशिरा आलेलं शहाणपण म्हणायचं ते.

बाईंनी हातातली वही मिटली. मग रागाने बोलल्या, आणि त्यांचा राग योग्य होता. असं ठिकाण पुन्हा मिळणार नाही, म्हणाल्या. मला तुम्ही महिनाभर फसवलंत, म्हणाल्या. आवडाबाईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बोल, बाय. मला म्हाईत नव्हतं तेव्हा जाळली. पन म्हाईत झाल्यावर गप्प बसले, ती चूक माजी." मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि बाईंचा राग बाजूला राहून वही उघडली गेली. रास किती उंच होती. निवडताना काय काय फेकलं, कुठे फेकलं. "आनि एक सांगते. तळातले मुळे मोठे, ते तू बगितलेस. पन अगदी वरच्या अंगाला बारके व्हते. नखाएवढे. भट्टीत लवकर भाजायचे, म्हनून आमाला बरे वाटायचे." तिने खड्ड्यात पाहिलं. "शेवटी शेवटी कुनी ऐकेनासं झालं आसंल तिचं."

कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. मला त्या कधी न पाहिलेल्या, नियम चालवणाऱ्या म्हातारीबद्दल खरोखर वाईट वाटलं.

मग आवडाबाई बाईंना शाळेत घेऊन आली. मी, मोरू, अर्धी वाडी मागोमाग. तिने भिंतीवर हात ठेवला. "हे बग, गेली कुठं नाय ती. सगळी हितं हाय. देवळात हाय, हिरीला हाय. खरवडून ने थोडी. तुमच्या मशिनीत घाल. त्यांचं वय कळंल."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं आणि मान हलवली. त्या जपून बोलत होत्या. शिंपल्यातला जीव मेल्या दिवसापासून त्याच्यात एक मोजणी चालू असते, म्हणाल्या. त्यावरून वय कळतं. पण भट्टीच्या आगीत ती मोजणी उडून जाते. मग ओला चुना भिंतीवर बसतो आणि वाळताना त्या वर्षीची हवा पिऊन पुन्हा दगड होतो. मोजणी तिथून नव्याने सुरू होते. "ही भिंत तपासली तर यंत्र हजारो वर्षं सांगणार नाही, मावशी. फार तर अडुसष्ट साल सांगेल."

आवडाबाईचा हात भिंतीवरच होता. "म्हंजे त्यांचं कायच नाय ऱ्हायलं."

"भिंतीत नाही."

"अडुसष्ट साल म्हंजे मोऱ्याच्या बापसाचं." तिने भिंतीवरून हात काढला. "मंग वहीत तरी लिव. ही मानसं उपरी नव्हती. लय दीस ऱ्हायली. रास व्हती पागोळीएवढी, नि ती जाळली."

"लिहीन. पण पुरावा उरलेला नाही, तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून ते लिहावं लागेल. कोणी जाळली तेही. नाव लागेल."

"लिव. आवडाबाईनं निवडली."

"आणि जाळली कोणी?"

आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे जन्मभर 'आमचे', 'हे', नाहीतर पोराचा बाप. तिने मोरूकडे पाहिलं, त्याने सांगावं म्हणून. मोरूने मान फिरवली. भिकाजीनेही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने हातानेच मला थांबवलं. पदर डोक्यावरून नीट घेतला, जसा मोठ्या माणसांसमोर घेतात.

"खंडू," ती म्हणाली. बाईंनी ते लिहीपर्यंत ती वहीकडे बघत राहिली, आणि लिहून झाल्यावर, आपल्याला वाचता येत नाही म्हणून, मला म्हणाली, "गुर्जी, बगा, बरोबर लिवलंय काय."